कुंभकर्णाची नोंद

सुमेध गायकवाडने आयुष्यातलं सगळ्यात देखणं छायाचित्र एकोणचाळीस मिनिटांत काढलं. एरवी त्याला एका चित्राला पन्नास-साठ तास लागत, कधी दोन-दोन हिवाळे जात. या चित्राला पाऊण तासही लागला नाही. पुढे ते त्याने कुणाला दाखवलं नाही, आणि फाडूनही टाकलं नाही.

सुमेध मूळचा कऱ्हाडचा. शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि हाडाचा चित्रकार. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं त्याचे वडील म्हणत, पण या दोन्ही चिंध्या त्याने आकाशाच्या फोटोत नीट शिवून घेतल्या होत्या. पृथ्वी फिरते त्याच्या उलट दिशेने तितक्याच मंदपणे दुर्बीण फिरवणारी मोटर त्याने स्वतः जुळवली होती. कॅमेऱ्याचा सेन्सर शून्याखाली वीस अंशांवर थंड ठेवणारी पेटीही त्याचीच. आणि रंगांच्या बाबतीत तर तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. हायड्रोजनचा लाल हा पिकल्या डाळिंबाचा लाल असतो, बँडवाल्यांच्या कोटाचा नव्हे, यावरून त्याने दोन मित्र गमावले होते.

ही गोष्ट २०३९ सालची. तोवर आकाशाचं पार मातेरं झालं होतं. उपग्रहांची संख्या लाखाच्या घरात गेली होती आणि तिन्हीसांजेला त्यांची नुसती वर्दळ चाले. मिनिटभराची फ्रेम घेतली तरी तिच्यावर मांजराने ओरबाडल्यासारख्या पाच-सहा रेघा, मधूनच एखादी डोळे दिपवणारी चमक. त्यावर जुना उपाय होता. एकाच जागेच्या शंभर फ्रेमा घ्यायच्या, एकमेकींवर रचायच्या आणि जे एकाच फ्रेमेत दिसतं ते फेकून द्यायचं. तारा जागचा हलत नाही, उपग्रह पळतो. चिकाटी असली की चित्र स्वच्छ होई.

पण चिकाटी कुणाला हवी असते? मग ‘निरभ्र’ आलं.

निरभ्र हा नुसता प्रोग्राम नव्हता. मोठमोठ्या दुर्बिणींनी आजवर नोंदलेले दोनशे कोटी तारे, त्यांची जागा, त्यांचं तेज, मधला वायू, मधली धूळ, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. तुम्ही त्याला मिनिटभराची, रेघाळलेली, धुरकट फ्रेम द्या. आकाशाचा तो तुकडा कुठला हे ते ओळखायचं. नोंदीत नसलेली प्रत्येक चमक उपग्रहाची समजून पुसायचं, फिके पडलेले तारे त्यांच्या नोंदलेल्या तेजाने पुन्हा बसवायचं, धुळीचे पदर भरायचं. साठ तासांचं चित्र साठ सेकंदांत. वर्षभरात जगातल्या हौशी छायाचित्रकारांपैकी नव्वद टक्के लोक त्याच्या मागे गेले.

सुमेधने त्याला आधी मनसोक्त शिव्या घातल्या. मग पुण्यातल्या एका प्रदर्शनात, त्याच्या चौसष्ट तासांच्या चित्रासमोर उभे राहून एका सद्गृहस्थांनी विचारलं,

“निरभ्रमध्ये केलंय का?”

“नाही. हाताने.”

“का हो? निरभ्रमध्ये कडा किती स्वच्छ येतात!”

त्या दिवशी त्याच्या मनातलं काहीतरी मोडलं. पुढच्या वर्षी कॅमेऱ्याची नवी नियंत्रण-पेटी घेतली, तिच्यात निरभ्र बसवूनच आलं होतं. पोटापाण्याच्या कामापुरतं वापरायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. मूळ कच्च्या फ्रेमा पेटीतल्या एका कप्प्यात पडून राहत. सुरुवातीला तो कप्पा उघडून बघायचा, मग बघेनासा झाला.

ही गोष्ट त्याने एका माणसापासून लपवली. ते माणूस म्हणजे पुसाळकर बाई.

हेमलता पुसाळकर त्याला भेटल्या त्याला अकरा वर्षं झाली होती. पाटणच्या वरच्या अंगाला काळेसडा म्हणून पठार आहे. सगळा जांभा दगड, झाड औषधाला नाही, लांबवर पवनचक्क्यांचे तांबडे दिवे. अंधार शोधत सुमेध गाडी घेऊन तिथे चढला, तर काळोखातून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला, “दिवे बंद करा आधी! माणूस आहात की एसटी?”

त्या वेळी बाई एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. हवामान खात्यात पस्तीस वर्षं नोकरी. ठरलेल्या वेळी तापमापक वाचायचा, पर्जन्यमापक वाचायचा आणि दिसेल तो आकडा लिहायचा. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर भाची सोडून सगळे नातेवाईक पुण्यात असताना या सड्यावर दोन खोल्या बांधून राहिल्या, कारण इथे अंधार होता. अंगणात सहा इंची दुर्बीण. तिच्यातून त्या चंद्र बघत नसत, शनीची कडी बघत नसत. बघायच्या फक्त एक तारा.

तो तारा भुजंगधारी या तारकासमूहात आहे. बाई त्याला कुंभकर्ण म्हणत. दिसायला अगदी सामान्य, अकराव्या प्रतीचा. ताऱ्यांच्या हिशोबात आकडा जितका मोठा तितका तारा फिका. नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्याही शंभरपट फिका असा हा कुंभकर्ण. पण तो एक तारा नव्हे, दोन आहेत. एक लहानसा, मेलेला, श्वेतबटू. दुसरा फुगलेला म्हातारा. लहान्या मोठ्याचा वायू ओढून ओढून स्वतःच्या अंगावर साठवत राहतो. दूध तापत ठेवावं तसं वर्षानुवर्षं काही दिसत नाही, आणि मग एका क्षणी उतू जातं. स्फोट होतो, तारा काही तासांत अडीचशेपट तेजस्वी होतो, तीन-चार दिवसांत पुन्हा विझतो आणि पहिल्यापासून साठवायला लागतो. १९११ साली तो असा उठला होता. नंतर १९७५ साली.

“पंच्याहत्तरच्या मे महिन्यात,” बाई सांगत, “माझ्या बाबांनी महिनाभर मला दुर्बिणीला बसवलं होतं. म्हणाले, हेमे, हा केव्हाही उठेल. आणि तो उठला तेव्हा मी बेळगावला मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत जिलब्या वाढत होते! परत आले तेव्हा विझलेला. बाबा म्हणाले, आता तू ऐंशीची होशील तेव्हा.” आणि हसत. पण ते हसणं वरवरचं होतं, हे सुमेधला पहिल्याच वर्षी कळलं. त्या बाईला जन्मात एकच गोष्ट बघायची राहिली होती.

चौसष्ट वर्षं, पावसाळे वगळून, दिसेल त्या प्रत्येक संध्याकाळी-पहाटे बाईंनी कुंभकर्णाची नोंद केली. पद्धत साधी. त्याच्याभोवती ठाऊक तेजाचे तीन तारे होते. बाई त्यांना थोरली, मधली आणि धाकटी जाऊ म्हणत. कुंभकर्ण कुठल्या जावेपेक्षा किती पायऱ्या उजळ, किती पायऱ्या फिका, ते डोळ्याने ठरवायचं आणि आकडा लिहायचा. जगभरातल्या अशा निरीक्षकांचं एक मंडळ होतं, त्याच्याकडे तो पाठवायचा. फक्त एक नियम. आधी बघायचं, मग वही उघडायची. कालचा आकडा बघून दुर्बिणीला डोळा लावायचा नाही.

“डोळा आळशी असतो रे,” बाई म्हणत. “कालचं आठवलं की तो आजचं बघतच नाही. कालचंच दाखवतो.”

तीन वर्षांपूर्वी बाईंची नजर गेली. म्हणजे मधली गेली, कडा राहिल्या. दाराची चौकट दिसे, दारात उभं राहिलेलं माणूस दिसत नसे. दुर्बिणीला डोळा लावला की बरोबर जिथे तारा असायला हवा तिथे काळा डाग. त्या दिवशी त्या अंगणात बसून पहिल्यांदा रडल्या, आणि सुमेध म्हणाला, “बाई, मी बघतो. तुमच्या नावाने.”

मंडळाने परवानगी दिली. बाईंचा निरीक्षक-क्रमांक तोच, डोळे सुमेधचे. बाईंनी त्याला बजावलं होतं, “ते निरभ्र की काय निघालंय, ते माझ्या ताऱ्याला लावायचं नाही. ते यंत्र आधी वही उघडतं, सुमेध. वहीत बघून आकाश काढतं.”

“नाही लावणार, बाई.”

आणि दोन वर्षं त्याने खरंच लावलं नाही. बाईंसाठी रोज कच्ची फ्रेम उघडायची, तीन जावा शोधायच्या, पायऱ्या मोजायच्या, फोन करायचा. मग एकदा घाईत त्याने निरभ्रच्या तयार चित्रावरून आकडा काढला आणि नंतर कच्च्या फ्रेमेशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. पुढे वीसेक वेळा ताडून पाहिलं, दर वेळी जुळला. का नाही जुळणार? कुंभकर्ण झोपलेला होता. झोपलेल्या माणसाचा जुना फोटो दाखवला तरी तो खरा ठरतो. तेव्हापासून सुमेध तयार चित्रावरूनच आकडे सांगायला लागला. बाई विचारायच्या, “कच्चं बघतोस ना?” तो “हो” म्हणायचा. पहिल्या वेळी जीभ अडखळली होती, नंतर अडखळली नाही.

त्या वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही हटला नाही. ऑक्टोबरात बाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. कऱ्हाडच्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली, पण पाठोपाठ छाती भरली. नाशिकहून त्यांची भाची नीलिमा आली. नीलिमा शाळेत गणित शिकवायची, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिने सुमेधला फोन केला.

“डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं साथ देत नाहीयेत. चार दिवस म्हणा, आठवडा म्हणा.”

“काही हवंय का त्यांना?”

“तेच विचारलं मी. म्हणाली, कुंभकर्ण काय करतोय तेवढं बघून यायला सांग त्या सुमेधला.”

एकोणीस ऑक्टोबरला दुपारी ढग फाटले. संध्याकाळी सुमेध सड्यावर पोहोचला तेव्हा चार महिन्यांनी पहिल्यांदा आकाश मोकळं होतं. ऑक्टोबरात भुजंगधारी मावळतीला झुकलेला असतो. सव्वासातला काळोख पडतो आणि आठच्या सुमाराला कुंभकर्ण क्षितिजावरच्या धुरकटात शिरतो. एवढ्यात काय होणार? पण सुमेधच्या डोक्यात नुसता आकडा नव्हता. बाईंना नजरेच्या कडेने मोठं, उजळ चित्र थोडंफार दिसे. ज्या आकाशाकडे त्या चौसष्ट वर्षं एका ठिपक्यासाठी बघत आल्या, ते सगळं आकाश त्यांना एकदा नीट दाखवावं, धुळीच्या काळ्या नद्या, मागची ताऱ्यांची दाटी, आणि मधोमध त्यांचा कुंभकर्ण, असं त्याने ठरवलं होतं. हे साठ तासांचं काम होतं. हातात एक तासही नव्हता. बाईंपाशी तर पुढचा उन्हाळाही नव्हता.

त्याने निरभ्र चालू केलं.

सव्वा मिनिटाची एक, अशा एकतीस फ्रेमा. प्रत्येक फ्रेमेबरोबर पडद्यावरचं चित्र खुलत गेलं. काळोखाचे पदर सुटले, त्यांच्या कडांना मंद तपकिरी झाक आली, दूर कोपऱ्यात डाळिंबी वायू उमलला. सुमेधचे डोळे भरून आले. त्या एकोणचाळीस मिनिटांत त्याने मान वर करून पश्चिमेकडे एकदाही बघितलं नाही. समोर इतकं छान दिसत असताना वर कोण बघतो! शेवटी चित्र मोठं करून त्याने कुंभकर्ण शोधला. तीन जावांच्या मधे, आपल्या जागी, गुमान. मधलीच्या दोन पायऱ्या खाली. अकरा पूर्णांक दोन. नेहमीप्रमाणे बाईंच्या क्रमांकावर नोंद पाठवून तो खाली उतरला.

सकाळी ओळखीच्या छापखान्यात त्याने ते चित्र तीन फूट रुंद पारदर्शक फिल्मवर छापून घेतलं, मागून उजेड देणाऱ्या पेटीवर बसवलं, आणि दहा वाजता इस्पितळात नेलं.

“आलास?” बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं. त्यांना पावलांवरून माणसं कळत.

“आलो, बाई.”

“चहा घेतलास का काही? नीलिमा, याला...”

“घेतलाय.”

“मग सांग. उठला का?”

त्या प्रश्नात किती वर्षं होती ते खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं. नीलिमाने सलाइनच्या नळीकडे बघायचं निमित्त केलं.

“नाही, बाई. झोपलाय. मधलीच्या दोन पायऱ्या खाली.”

“वही न बघता?”

“वही न बघता.”

“आणि कच्च्या फ्रेमेवरून?”

“हो.”

“मेला!” बाई म्हणाल्या आणि खोकल्या. “चौसष्ट वर्षं झाली, कूससुद्धा बदलत नाही. मी गेले की उठेल बघ, मुद्दाम.”

मग त्याने पेटी लावली. बाईंनी मान डावीकडे वळवून नजरेच्या कडेने चित्राकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. श्वास लागत होता तरी ऑक्सिजनची नळी बाजूला सारून म्हणाल्या, “धूळ दिसतेय रे मला. नदीसारखी. माझ्या दुर्बिणीतून कधी दिसली नव्हती ही. आणि कुंभकर्ण?”

सुमेधने त्यांचं बोट धरून मधोमध टेकवलं. “इथे.”

“तो काही दिसत नाही. जरा उजळ असता तर मलाही दिसला असता.” बोट तिथेच ठेवून त्या पुढे म्हणाल्या, “फार सुंदर काढलंयस. तू होतास म्हणून चाललं. नाहीतर माझी नोंद तीन वर्षांपूर्वीच संपली होती.”

सुमेध खाली आला आणि गाडीत बसून पोटभर रडला. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्यात थोडं समाधानही होतं. आपण एका माणसाला शेवटी काहीतरी सुंदर दिलं, असं त्याला वाटलं.

एकवीस तारखेला सकाळी बाई गेल्या.

बावीसला मंडळाचा संदेश आला. चिलीमधल्या एका शाळामास्तरांनी आदल्या संध्याकाळी हातातल्या साध्या दुर्बिणीतून भुजंगधारीत एक अनोळखी तारा पाहिला होता. तो कुंभकर्ण होता. उठला होता आणि आता विझायला लागला होता. उतरण्याच्या वेगावरून हिशोब केला तर तो एकोणीस तारखेच्या आसपास उठलेला असणार. मोठ्या दुर्बिणींनी ते मावळतीचं आकाश महिन्यापूर्वीच सोडून दिलं होतं. पण हौशी लोकांचं काय? त्या तीन दिवसांत त्या भागाची चार हजारांहून जास्त छायाचित्रं जगभरातून प्रसिद्ध झाली होती. एकाही चित्रात उठलेला तारा नव्हता. सगळी निरभ्रमधून निघालेली होती.

सुमेधने संदेश दोनदा वाचला. मग नियंत्रण-पेटी काढली आणि वर्षभर न उघडलेला कप्पा उघडला.

पहिली फ्रेम, सात वाजून सोळा मिनिटं. रेघा, धुरकट, खालच्या कोपऱ्यात पवनचक्कीच्या दिव्याचा तांबूस डाग. आणि मधोमध, तिन्ही जावांना झाकून टाकणारा, कडा फुटलेला, पांढराशुभ्र तारा. दुसऱ्या फ्रेमेत तोच. तिसऱ्या फ्रेमेत तोच. एकतीसच्या एकतीस. शेजारी निरभ्रची टिपणं होती, प्रत्येक फ्रेमेखाली एकच ओळ: ‘अनोंदित चमक, उपग्रह, वगळली.’

“अरे, एकाच जागी एकतीस वेळा उपग्रह थांबतो का?” सुमेध रिकाम्या खोलीत ओरडला. त्याच्या जुन्या पद्धतीने फ्रेमा रचल्या असत्या तर हे झालंच नसतं. जे सगळ्या फ्रेमांत आहे ते आकाशातलं, एवढं तर शिकाऊ पोरालाही कळतं. पण निरभ्रने प्रत्येक फ्रेम सुटी घेतली होती, प्रत्येक वेळी आधी नोंद पाहिली होती, आणि ताऱ्याला पुसून त्याच्या जुन्या तेजाने पुन्हा बसवलं होतं. यंत्राने यंत्राचं काम केलं. आपलं काम आपण केलं नाही, हे सुमेधला तिथेच, उभ्या उभ्या कळून चुकलं. ज्या चित्रावर त्याने बाईंचं बोट टेकवलं, त्याच्या मूळ कच्च्या फ्रेमांत कुंभकर्ण इतका उजळ होता की त्यांना स्वतःला दिसला असता.

दुसऱ्या दिवशी तो सड्यावर गेला. नीलिमा बाईंचं घर आवरत होती. वह्यांचे गठ्ठे बांधून झाले होते. तिच्या फोनवर सारखे संदेश येत होते, खगोलमंडळवाल्यांचे, बाईंच्या जुन्या सहकाऱ्यांचे.

“हे वाच,” ती म्हणाली. तिचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता. “सगळे तेच म्हणतायत. बाई सकाळी गेल्या आणि संध्याकाळी तारा उठलेला दिसला. जणू काही निरोप द्यायला. मी असलं काही मानत नाही, पण बरं वाटतं रे.”

सुमेध अंगणातल्या दगडावर बसला. हे असंच राहू द्यावं, असं त्याच्या मनात आलं. कुणाचं काय बिघडणार होतं? आणि दुसरा विचारही आला, तो याहून वाईट होता. त्याच्या कच्च्या फ्रेमा चिलीतल्या शाळामास्तरांच्याही दोन दिवस आधीच्या होत्या. स्वतःच्या नावाने पाठवल्या तर पहिली नोंद त्याची ठरणार होती आणि कुणी एक प्रश्न विचारणार नव्हतं. बाईंच्या क्रमांकावर पाठवायच्या तर अडचण होती. त्या क्रमांकावर त्याच तारखेला, त्याच वेळेला ‘अकरा पूर्णांक दोन, शांत’ अशी नोंद आधीच होती. ती बदलायची तर मंडळाच्या अर्जात दुरुस्तीचं कारण द्यावं लागतं आणि ते सगळ्या जगाला दिसतं. मग गेल्या वर्षभराच्या त्याच्या सगळ्याच नोंदी खोट्या ठरणार. पण बदलली नाही तर चौसष्ट वर्षांत ज्या बाईने एकही न पाहिलेला आकडा लिहिला नाही, तिच्या नावावर शेवटची नोंद खोटी राहणार.

“नीलिमाताई,” तो म्हणाला, “तो त्या गेल्यावर नाही उठला. आधी उठला.”

“म्हणजे?”

“मी तुमच्यासमोर त्यांना झोपलाय म्हणून सांगितलं ना, तेव्हा तो जागा होता. माझ्याच फ्रेमांमध्ये होता. मी त्या उघडल्याच नव्हत्या.”

त्याने सगळं सांगितलं. निरभ्र, वर्षभराचा खोटा ‘हो’, एकतीस फ्रेमा. दोरीचा तुकडा हातात तसाच धरून नीलिमा ऐकत राहिली. त्याचं बोलून झाल्यावर ती बोलली, आवाज न चढवता, वर्गात एखादी पायरी चुकलेल्या मुलाला सांगावं तसं.

“वीस तारखेला, तू येऊन गेलास त्या संध्याकाळी तिला जरा बरं वाटत होतं. खिडकी उघडायला लावली तिने. म्हणाली, पश्चिम इकडेच ना? मी म्हटलं, हो. माझ्या पर्समध्ये छोटी दुर्बीण होती, तिनेच कधीतरी दिलेली. म्हटलं, मावशी, गच्चीवर जाऊन बघून येऊ का तुझ्या कुंभकर्णाला? कुठे बघायचं ते सांग.”

“मग?”

“मग काय? विचार केला तिने जरा. आणि म्हणाली, ‘नको गं, कशाला जिने चढतेस. सुमेधनं बघितलंय.’ आणि खिडकी लावून घेतली.”

नीलिमा पुन्हा गठ्ठे बांधायला लागली. तिला बहुधा त्याच्याकडे बघायचं नव्हतं. सुमेधने मांडीवर फोन घेऊन मंडळाचा अर्ज उघडला. बाईंचा क्रमांक भरला, तारीख भरली, सात वाजून सोळा मिनिटं भरली. जुना आकडा अकरा पूर्णांक दोन. नवा आकडा पाच पूर्णांक एक. एकतीस कच्च्या फ्रेमा जोडल्या. दुरुस्तीच्या कारणाच्या चौकटीशी तो थांबला, पुसून पुसून तीनदा लिहिलं. शेवटी एकच ओळ ठेवली आणि तिच्याखाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

‘बाईंच्या वतीने बघणाऱ्याने त्या दिवशी आकाश बघितले नव्हते.’